रघू तांडेलाचा न हलणारा पत्ता

मासळी कुठे मिळाली, हे रघू तांडेलाला विचारण्यात मिरकरवाडा बंदरात कुणी वेळ घालवत नसे. विचारायला बंदी नव्हती. उलट तो हसून, खांद्यावर हात ठेवून, अगदी आतल्या गोटातली गोष्ट सांगितल्यासारखं सांगायचा की बाबा रे, काळबादेवीच्या समोर, पंधरा वाव खोल पाण्यात. ऐकणारा दुसऱ्या दिवशी डिझेल जाळून काळबादेवीसमोर जायचा आणि आईस्क्रीमच्या काड्यांएवढे चार बांगडे घेऊन परत यायचा. त्या वेळी रघूची तांबोशी आलेली असायची पूर्णगडच्या बाजूने. पण याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. बंदरावरचा कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा कर्ता माणूस, असंच बोलतो. खरी जागा सांगणाऱ्याला लोक प्रामाणिक म्हणत नाहीत, खुळा म्हणतात.

ही विद्या रघूला बापाकडून आली. बापाच्या काळात यंत्रं नव्हती, खुणा होत्या. किल्ल्यावरचा दिवा एका ठरावीक माडाच्या बरोबर डोक्यावर आला आणि त्याच वेळी उत्तरेच्या डोंगराचा खांदा देवळाच्या कळसाला झाकू लागला, की होडीच्या खाली तो खडक. त्या खडकाच्या कपारीत तांबोशी, हेकरू असली भाव मिळवणारी मासळी. चार हात इकडे तिकडे झालं की नुसता चिखल. असे बेचाळीस खडक बापाच्या डोक्यात होते आणि एकही कागदावर नव्हता. बापाने ते रघूला बारा वर्षांत एकेक करून दाखवले. एका वेळी दोन दाखवले तर पोरगं माजेल, असं त्याचं म्हणणं होतं.

मग रघूच्या होडीवर जीपीएस आलं. नोव्हेंबर महिना होता, सकाळी समुद्रावर धुकं. किल्ला दिसत नाही, डोंगर दिसत नाही, आणि ते पुस्तकाएवढं यंत्र मात्र आपण कुठे आहोत ते आकड्यांत सांगत होतं. आदल्या दिवशी रघूने एका खडकावर होडी उभी करून आकडे पाहून ठेवले होते. त्या आकड्यांच्या मागे तो धुक्यातून गेला. सत्तरीचा बाप मुद्दाम बरोबर आलेला, हे कसलं सोंग आणलंय ते बघायला. आकडे जुळल्यावर बापाने शिशाचं वजन दोरीने खाली सोडलं. वजन खडकावर टेकलं. बापाने दोरी वर ओढली, पुन्हा सोडली, पुन्हा टेकलं. मग तो होडीच्या फळीवर बसून राहिला आणि बऱ्याच वेळाने त्याने त्या यंत्राला हात जोडले.

परतताना मात्र त्याने एकच विचारलं. खुणा डोक्यात ठेवता येत होत्या, हे एवढे आकडे काही डोक्यात राहायचे नाहीत, ते लिहावेच लागणार. आणि लिहिलेलं कुणीही वाचणार. मग ही जागा लपवणार कशी?

रघूने ती युक्ती त्याच दिवशी काढली. वहीत आकडा लिहायचा, पण शेवटी थोडा फिरवून लिहायचा. किती फिरवायचा ते फक्त त्याला ठाऊक. बापाला सांगितलं नाही, बायकोला, कमळाला, सांगितलं नाही. निळ्या पुठ्ठ्याची ती वही प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली असायची. डाव्या बाजूला आकडा, आणि त्यासमोर तिथे काय मिळतं ते: तांबोशी, हेकरू, घोळ, कधी नुसतं ‘जाळं फाटतं’. एकदा दोन खलाशांनी ती वही चोरून आकडे उतरवून घेतले होते. त्यांची जाळी चिखलातून इतकी घाण घेऊन आली, की पुढचा आठवडा त्यांना बंदरावर तोंड दाखवायची लाज वाटत होती. रघूने त्यांना चहा पाजला. गंमत अशी की आकडे डोक्यात राहणार नाहीत हा बापाचा अंदाज साफ चुकला. रघूला एकदा ऐकलेला आकडा मरेपर्यंत आठवतो. वही त्याला कधी लागलीच नाही. पण कानाने आकडा ऐकला की हाताने वहीत लिहायचा, हा त्याचा नेम होऊन बसला.

चार वर्षांपूर्वी जाळं ओढणाऱ्या विंचच्या दोरात त्याचा डावा पाय सापडला आणि गुडघ्याखाली चुरा झाला. त्या दिवशी बाबू नावाच्या खलाशाने विंच वेळेवर थांबवलं नसतं, तर पाय काय, माणूसच गेला असता. पाय राहिला, पण समुद्र सुटला. कमळा त्याच्या आधीच गेली होती. मुंबईत नोकरी करणारी एकुलती एक मुलगी, नेत्रा, आठ दिवसांच्या रजेवर आली आणि परत गेलीच नाही. रघूने तिला तीनदा सांगितलं की जा, माझं काय अडतंय. तिने तीनदा ऐकून घेतलं आणि इथल्या इथे मिळतील ती कामं करू लागली. आणि रघू खुर्चीवर बसून मांडीवरच्या वहीतले आकडे वाचू लागला. जपमाळ ओढायची ती हीच.

यंदाच्या जानेवारीत नेत्राला पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम मिळालं. परदेशातल्या विमा कंपनीकडे येणारी आजाऱ्यांची कागदपत्रं तपासायची. चांगलं काम, मान असलेलं. पण ती विमा कंपनी भलतीच कडक. कागद लोकांच्या दुखण्याचे, म्हणून ते उघडायचे तर ठरलेल्या एकाच पत्त्यावरून, आणि तो पत्ताही घरगुती इंटरनेटचा हवा. कंपनीचं पुण्याचं ऑफिस सोडलं, तर बाकी ऑफिसं आणि मोठमोठ्या कॉम्प्युटरांची गोदामं असतात, तिथला पत्ता त्यांना चालत नाही.

रघू म्हणाला, मग अडचण काय, घर आहे की. नेत्राने त्याला समजावून सांगितलं की घर आहे, पण इंटरनेटवर प्रत्येक घराला एक आकडा मिळतो, तोच पत्ता. आणि आपल्याकडे लाईट गेली, राऊटर बंद होऊन चालू झाला, की इंटरनेटवाला नवा आकडा देतो. मिरकरवाड्यात लाईट किती वेळा जाते ते सांगायला नको.

“म्हंजे घर हितंच,” रघू म्हणाला, “नि पत्ता वाहत जातो?”

“तसंच बाबा.”

समुद्रात असलं वाहणं त्याने जन्मभर पाहिलं होतं. नांगर टाकून झोपावं आणि उठल्यावर किनारा दुसराच दिसावा. पण चिऱ्याच्या भिंतींचं, सिमेंटच्या जोत्याचं घर तसं वाहतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. तो उठून काठी टेकत दारापर्यंत गेला आणि समोरचा रस्ता पाहून परत आला.

यावर कंपनीनेच उपाय सांगितला होता. घरगुती, कायम एकच राहणारा पत्ता भाड्याने मिळतो, तो घ्यायचा, कॉम्प्युटरवर आणि फोनवर बसवायचा आणि त्याचा आकडा कंपनीकडे नोंदवायचा. त्याला प्रॉक्सी म्हणतात. नेत्राने बापाला सोपं करून सांगितलं. आपण पुण्याला पत्र टाकायचं, पण थेट टाकायचं नाही. वाटेत एक घर आहे असं समजा. आपलं पत्र आधी त्या घरी जाणार आणि तिथून पुढे पुण्याला. पुण्याला कळतं ते एवढंच की पत्र त्या घरातून आलं. आपला आकडा रोज बदलो, त्या घराचा बदलत नाही.

रघूला पहिला प्रश्न पडला तो त्या घरात राहतं कोण. नेत्रा म्हणाली की तसं खरं कुणी राहत नाही, घरगुती जोडण्यांच्या यादीतला तो एक आकडा आहे, एवढंच. रघूने मान हलवली, पण त्याला ते पटलं नाही. पत्ता आहे तर घर आहे, घर आहे तर पडवी आहे, आणि पडवी आहे तर कुणीतरी बसलेलं असणारच. आपल्या पोरीचं टपाल रोज त्यांच्या दारातून जातंय हे त्या बिचाऱ्यांना माहीत तरी आहे का, याचा विचार तो दोन दिवस करत होता.

मंगळवारी सकाळी नेत्राने ते बसवायला घेतलं. रघू शेजारी खुर्ची ओढून बसला, मांडीवर वही होतीच. पत्ता विकणाऱ्याने फोनवर पाठवलेलं पान दहा मिनिटांत मिटणार होतं, त्यामुळे तिची घाई चालली होती. एका हातात फोन धरून ती दुसऱ्या हाताने कॉम्प्युटरवर टाइप करत होती. जाता जाता ती म्हणाली, “बाबा, मी वाचते, तुम्ही जरा लिहून ठेवा.” तिने आकडा वाचला. दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, सत्तेचाळीस. रघूने वहीच्या शेवटच्या पानावर नवी ओळ करून तो लिहून घेतला. त्यासमोर काय मिळतं ते लिहायची जागा रिकामीच राहिली.

मग तिने एक पान उघडून त्याला दाखवलं. आपण जगाला कुठून दिसतो ते तिथे कळतं. आधी त्यावर घराचा नेहमीचा आकडा होता आणि गावाच्या जागी मुंबई लिहिलेलं होतं, कारण इंटरनेटवाल्याची मोठी लाईन तिकडून येते. नेत्रा सेटिंगमध्ये गेली, नेटवर्क उघडलं, त्यात प्रॉक्सी, तिथे ‘स्वतः भरायचं’ यावर खूण केली, पत्ता भरला, त्या घराच्या दाराचा नंबर असतो तसा पोर्टचा आकडा भरला, जपून ठेवलं. तिने तेच पान पुन्हा उघडलं. आधी नाव आणि पासवर्ड विचारला गेला, तो तिने दिला, आणि पान उघडलं तेव्हा आकडा बदललेला होता. शेवटी सत्तेचाळीस. गाव ठाणे.

रघूने खुर्ची पुढे ओढली. त्याने आधी पडद्याकडे पाहिलं, मग मुलीकडे. ती समोर बसली होती, तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता, बाहेर शेजारची ठमाबाई सोललेल्या कोळंबीचं पाणी नाल्यात ओतत होती. आणि जगाला ही मुलगी ठाण्यात दिसत होती. धुक्यातल्या त्या सकाळी बाप का गप्प बसला होता ते त्याला इतक्या वर्षांनी कळलं.

मग फोनवर बसवायचं होतं, कारण आत शिरताना लागणारा कोड फोनवर यायचा आणि फोनही त्याच पत्त्यावरून हवा. वायफायच्या नावावर बोट दाबून धरायचं, आत जाऊन प्रॉक्सी शोधायची, तोच पत्ता, तोच पोर्ट. एक तिचा रोजचा फोन, एक कंपनीने दिलेला. दोन्ही फोनांवर तिने ते पान उघडून बापाच्या हातात दिलं. दोन्हीकडे सत्तेचाळीस, दोन्हीकडे ठाणे. रघूने स्वतःचा फोन पुढे केला की यालाही बसव. नेत्रा म्हणाली की हा पत्ता कामाचा आहे, त्यावरून तुम्हाला कीर्तनं ऐकता यायची नाहीत. त्याने फोन खिशात टाकला, पण रुसला नाही.

दुपारी लाईट गेली, तासाभराने आली. रघूने ताबडतोब नेत्राला हाक मारली की बघ गो, हाय का तिथंच. तिने पाहिलं. घराचा मूळ आकडा पुन्हा बदलला होता. सत्तेचाळीस मात्र तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधी त्याने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशीही. ज्याने पन्नास वर्षं हलणाऱ्या पाण्यावर एक एक जागा शोधण्यात घालवली, त्याला न हलणारी जागा म्हणजे काय ते तुम्हा-आम्हाला सांगता यायचं नाही. त्याला ते देवाच्या मूर्तीसारखं वाटत होतं, आणि तसं तो ठमाबाईला म्हणालाही. ठमाबाई म्हणाली की तुमच्या देवाला पाणी-बिणी काही लागत नाही ना, मग बरं आहे.

बुधवारी कंपनीचा फॉर्म आला. त्यात तो पत्ता भरायचा होता. नेत्राचा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, बापाची वही समोर पडलेली होती, शेवटचं पान उघडं. तिने त्यात बघून आकडा भरला आणि फॉर्म पाठवून दिला. दोन दिवसांत नोंद होईल, शुक्रवारी काम सुरू, असं पुण्याहून उर्वी मॅडमनी कळवलं. या उर्वी मॅडम नव्या लोकांना कामाला लावून द्यायचं काम बघायच्या.

शुक्रवारी सकाळी नेत्रा आंघोळ करून, देवाला नमस्कार करून कामाला बसली आणि कंपनीच्या कागदांचं दार उघडलं नाही. हा पत्ता नोंदवलेला नाही, एवढंच पडद्यावर येत होतं. तिने सगळं काढून पुन्हा बसवलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. फोन बंद करून चालू केले. पान उघडून पाहिलं तर आकडा बरोबर, गाव बरोबर. विकणारा म्हणाला आमच्याकडून सगळं ठीक आहे. उर्वी मॅडम म्हणाल्या आमच्याकडूनही सगळं ठीक आहे, तुम्ही फॉर्ममध्ये दिलात तोच पत्ता यादीत आहे, आणि तो फोनवर वाचून दाखवायची आम्हाला परवानगी नाही. शनिवारी नेत्राला शंका आली की आपणच फॉर्ममध्ये काही चुकलो की काय. तिने बापाला हाक मारून विचारलं, तुम्ही लिहून घेतलेला आकडा काय होता? रघूने आतूनच, वहीकडे न बघता सांगितलं: दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, सत्तेचाळीस. पडद्यावर तोच होता. बापाचा आकडा कधी चुकला नव्हता. नेत्राने ती शंका मनातून काढून टाकली.

शनिवारी संध्याकाळी उर्वी मॅडमचा फोन आला. त्या वाईट बाई नव्हत्या, पण त्यांच्या हातात फार काही नव्हतं. सोमवारी अकरापर्यंत घरून काम सुरू झालं नाही, तर कंपनीचा नियम असा की माणसाने पुण्याला ऑफिसात येऊन बसायचं. निदान सहा महिने. तेही नसेल जमत, तर जागा दुसऱ्या कुणाला.

नेत्राने कपाटावरची बॅग काढली. मग ती ठमाबाईकडे गेली आणि बापाच्या दोन वेळच्या जेवणाचं काय करायचं ते बोलून आली. डॉक्टरकडे कधी न्यायचं, गोळ्या कुठल्या डब्यात, पाय सुजला तर काय, हे सगळं तिने एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. रघू हे खुर्चीवरून बघत होता. ही गेली तर घरात आपण आणि चार भिंती, हे त्याला लख्ख दिसत होतं. पण ती समोर येऊन बसली तेव्हा तो हसून म्हणाला की जा की, माजं काय अडतंय, पुणं काय लांब हाय. काळबादेवीसमोर पंधरा वाव पाण्यात, म्हणायचा ना, तोच आवाज होता हा. नेत्राने बॅग भरायला घेतली.

रविवारी दुपारी बाबू आला. विंच थांबवणारा बाबू आता स्वतः तांडेल झाला होता आणि त्याचा हंगाम वाईट चालला होता. त्याने या चार वर्षांत कधी काही मागितलं नव्हतं. आज तो दारात उभा राहून, चप्पल न काढता, जमिनीकडे बघत म्हणाला की एखादी जागा असेल तर. रघूने त्याला आत बोलावलं. पाय जिथे नेऊ शकत नाही त्या जागांची आता राखण कशासाठी करायची, असं त्याच्या मनात आलं. घरातलं माणूसच चाललं होतं. त्याने वही घेतली. आकडे पाठ होते, पण जन्मात पहिल्यांदा जागा द्यायची तर ती वहीतून, आकडा सरळ करून द्यावी, असं त्याला वाटलं.

त्याने शेवटून पानं उलटायला घेतली आणि पहिलंच पान उघडलं ते नेत्राच्या आकड्याचं.

दोनशे तीन, शून्य, एकशे तेरा, चोपन्न.

अक्षर त्याचं होतं. ठळक, स्वच्छ, घाई न करता लिहिलेलं. रघूने ते एकदा वाचलं, दोनदा वाचलं, आणि वही डोळ्यांजवळ धरून तिसऱ्यांदा वाचलं. कानाने सत्तेचाळीस ऐकलं होतं. डोक्यात सत्तेचाळीस होतं. आणि हाताने, सत्तावीस वर्षं जे केलं तेच, त्याला न विचारता केलं होतं. ज्या युक्तीने एवढी वर्षं परक्यांना चिखलात पाठवलं, त्याच युक्तीने आपली मुलगी आपण पुण्याला धाडत होतो. बाबू विचारत होता की काय झालं, पाणी देऊ का. रघूने त्याला हाताने थांबवलं आणि उद्या ये म्हणून सांगितलं. बाबू बिचारा जागा न घेताच गेला.

“नेत्रा,” त्याने हाक मारली. “हिकडं ये बाय. पडद्यावरचा आकडा वाच.”

ती बॅग भरता भरता उठून आली. तिने पडद्यावर बघून वाचलं, शेवटी सत्तेचाळीस. त्याने वही उलटी करून तिच्यासमोर धरली. ती वाकली. तिला कळायला वेळ लागला नाही, ती हुशार होती. फॉर्म भरताना वही समोर होती, आणि तिने तो आकडा नीट बघूनच भरला होता.

“पण बाबा, तुम्ही तर काल बरोबर सांगितलात.”

“सांगितला बरोबर. लिवला चुकीचा.” रघूने खाली बघितलं. “ह्या वहीत खरा आकडा लिवतच नाय मी. एकबी नाय. शेवटी सात मिळवून लिवतो.”

नेत्रा हळूच जमिनीवर बसली. तिने वही हातात घेतली आणि पहिल्या पानापासून उलटू लागली. लहानपणापासून ती वही तिने पाहिली होती, कव्हर घातलं होतं, पावसात भिजली तेव्हा इस्त्रीने वाळवली होती. पानांमागून पानं आकडे, दोनशेच्या वर जागा. त्यातला प्रत्येक आकडा खोटा, आणि प्रत्येकाचा खरा जोडीदार या म्हाताऱ्याच्या डोक्यात. तिने सहज एका ओळीवर बोट ठेवलं. रघूने न बघता, नुसतं पान कितवं ते ऐकून, खरा आकडा सांगितला, खाली किती वाव पाणी ते सांगितलं, आणि कुठल्या महिन्यात तिथे घोळ येते तेही. ठाण्यात दिसण्याचं कौतुक बापाला वाटलं होतं, त्याहून मोठं काहीतरी तिच्या समोर खुर्चीवर बसलेलं होतं.

“हे आईला माहीत होतं?”

“कुणालाच नाय.”

“सातच का?”

रघूने तिच्या हातातल्या वहीचं पहिलं पान उघडलं. मग त्याने सांगितलं. यंत्र होडीवर आलं, धुक्यातून खडक सापडला, बापाने हात जोडले, तो नोव्हेंबरचा दिवस. पहिला आकडा लिहायला त्याने ही वही उघडली होती, आणि किती फिरवून लिहावा याचा विचार करत होता. तेवढ्यात वायरलेसवर बंदरातून कुणीतरी ओरडलं की रघू, तुला मुलगी झाली. आजूबाजूच्या सगळ्या होड्यांनी ते ऐकलं. सगळ्यांनी भोंगे वाजवले.

“सात तारीख होती,” रघू म्हणाला. “सगळ्या दर्यानं ऐकली ती. पन कुणाला उमगली नाय.”

नेत्राचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. तिने बापाच्या दुखऱ्या पायावर डोकं टेकलं. त्याला तिला सांगायचं होतं की जाऊ नको. सत्तावीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते आज निघालं होतं, तर हेही निघायला हरकत नव्हती.

“माजं अडतं बाय,” तो म्हणाला. “तुज्याशिवाय लय अडतं.”

सोमवारी नऊ वाजता नेत्राने उर्वी मॅडमना फोन करून फॉर्ममधला आकडा चुकल्याचं सांगितलं. चूक कशी झाली असं त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली की घरच्या एका जुन्या वहीत बघून भरला. उर्वी मॅडमनी नवा फॉर्म पाठवला. या वेळी नेत्राने पडद्यावर बघून भरला, आणि पाठवायच्या आधी बापाला वाचून दाखवला. दहा वाजले, सव्वादहा झाले. रघू काठी हातात धरून खुर्चीच्या टोकावर बसला होता. ठमाबाई मासे विकायला निघाली होती, ती पाटी खाली ठेवून दारातच थांबली. दहा चाळीसला पुण्याहून निरोप आला की नोंद झाली. नेत्राने नाव टाकलं, पासवर्ड टाकला, फोनवर आलेला कोड टाकला.

दार उघडलं.

पडद्यावर कसलेसे कागद दिसू लागले, परदेशातल्या कुठल्याशा माणसाच्या गुडघ्याचं दुखणं. मिरकरवाड्यातून निघालेली हाक ठाण्याच्या त्या न पाहिलेल्या पडवीतून पुण्याला गेली, पुण्याहून समुद्रापार गेली, आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर घेऊन घरी आली. रघूने हात जोडले. ते यंत्राला जोडले, की त्या पडवीला, की पोरीला, हे त्याने सांगितलं नाही, आणि ठमाबाईने विचारलंही नाही. तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती बाजाराला गेली.

नेत्रा कामाला लागली. बॅग अजून पलंगावर उघडी होती, तिच्यातून एक ओढणी खाली लोंबत होती. रघूने वही काढली, शेवटचं पान उघडलं आणि चोपन्नवर एक आडवी रेघ मारली. त्याखाली त्याने नवी ओळ घेतली आणि सावकाश, हातावर नजर ठेवून, आकडा जसा होता तसा लिहिला. शेवटी सत्तेचाळीस. त्या वहीतला तो पहिला खरा आकडा होता. मग समोरच्या रिकाम्या जागेत, जिथे तांबोशी किंवा हेकरू लिहायचं असतं, तिथे त्याने लिहिलं: नेत्रा.